आसमीनच्या टाकीचा जबाब

मी टाकी बोलतेय. पाण्याची नाही. पाण्याच्या टाकीला सगळेच मान देतात. मी गोबरगॅसची. शेणाच्या खड्ड्यावर पालथी घातलेली लोखंडी टाकी, गॅस भरला की वर येणारी आणि संपला की खाली बसणारी. पाटसच्या अलीकडे उसाच्या रानात इम्तियाजची वस्ती आहे. तिथं गोठ्यामागं माझा मुक्काम.

माझं नाव एका सरकारी कागदावर चढलेलं आहे. 'गोबरगॅसचा भडका उडून भाजल्याने मृत्यू' असं त्यात लिहिलंय. मेली ती आसमीन, या घरची सून. मारणारी मी.

तो कागद लिहिताना कुणी माझ्यापर्यंत आलं नाही. खड्ड्यात वाकून पाहिलं नाही, हात लावला नाही. शेणाची वस्तू, तिला काय विचारायचं? म्हणून आज माझं मीच सांगते, जन्मापासून. ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं. ज्याला नाकाला रुमाल लावायचा त्यानं लावावा, मला काही फरक पडत नाही.

माझा जन्म शिरूरचा. बाजारतळाच्या मागं ज्ञानदेव मिस्त्रींचं वेल्डिंगचं दुकान होतं. नव्याण्णव सालचा उन्हाळा. दुकानात खिडक्या, फाटकं आणि ट्रॉलीचे फाळके बनायचे. मिस्त्रींच्या हाताखाली सोहेब नावाचा सतरा वर्षांचा पोरगा होता, कवठे येमाईचा. पाचवीत शाळा सोडलेला. डोकं गरम, पण हात चांगला. आई-बाप लहानपणीच गेले. त्याला मोठं केलं ते त्याच्या बहिणीनं, आसमीननं. लोकांची कापडं शिवून शिवून. तो तिला आपा म्हणायचा.

त्या उन्हाळ्यात चुलत्यानं आसमीनचं लग्न जमवलं. मुलगा इम्तियाज, पाटसकडचा. थोडी शेती, दोन म्हशी, एक बैलजोडी, आणि हंगामात साखर कारखान्यावर काम. चुलता म्हणाला, सगळे देतात तसं लोखंडी कपाट देऊ.

आसमीन म्हणाली, "कपाट नको."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय, कपाटात बसायचंय व्हय? त्या वस्तीवर संडास न्हाई, चाचा. बायका अंधारात उसात जातात. मला गोबरगॅस द्या, संडास जोडलेला. एका खड्ड्यात दोन्ही कामं."

चुलत्यानं कपाळावर हात मारला. "पोरीला लग्नात संडास द्यायचा? आन् तो मिरवायचा कसा?"

"टेम्पोत घालून," सोहेब म्हणाला.

अशी मी ठरले. कपाटाच्या जागी.

मिस्त्रींनी पत्रा आणून टाकला आणि सोहेबला म्हणाले, "तुझ्या बहिणीची हाय ना? मग तूच जोड." त्यानं तोवर गोल टाकी जोडली नव्हती. माझा आडवा जोड त्यानं घातला तेव्हा मिस्त्री चष्मा वर करून म्हणाले, "ही शिवण हाय का गांडूळ?" त्यानं रागानं ग्राइंडर लावून सगळा जोड घासून काढला. परत घातला. परत घासला. तिसऱ्यांदा घातला तेव्हा मिस्त्री काही बोलले नाहीत, आणि ते बोलले नाहीत म्हणजे काम जमलं होतं. मग मला दुकानासमोर ठेवून तोंडापर्यंत पाण्यानं भरलं. रात्रभर मी रस्त्यावर तशीच उभी. सकाळी सोहेबनं सगळ्या जोडांवरून कोरडा हात फिरवला. कुठंही थेंब नव्हता. मग काळा रंग दिला, आत एक, बाहेर दोन हात.

हे मी का सांगते? पुढं याच हातांवर आळ आला म्हणून.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी टेम्पोत चढले. शिरूर, न्हावरा, मग नदीवरचा पूल, चौफुला. वाटेत एका हॉटेलवर ड्रायव्हरला कुणी विचारलं, "काय रं, एवढं मोठं पातेलं कशाला?" सोहेब म्हणाला, "माझ्या आपाचा रुखवत हाय." ती माणसं हसली. तोही हसला. त्याला असं मोकळं हसताना मी त्यानंतर फार वेळा पाहिलं नाही.

खड्डा बांधून तयार होता, विटांचा, विहिरीसारखा गोल. पंधरा दिवस शेण आणि पाणी कालवून कुंडीतून आत सोडलं. मला वर पालथी घातली. मग वाट पाहणं. शेणाला घाई करता येत नाही. आत अंधारात, हवा नसलेल्या जागी, डोळ्यांना न दिसणारे जीव ते शेण खातात आणि मिथेन सोडतात. हे मला पंचायत समितीचा माणूस आला होता त्याच्या बोलण्यातून कळलं. मला एवढंच जाणवलं की एका सकाळी मी दोन बोटं वर आले होते.

आसमीननं ते पाहिलं आणि गोठ्यातून ओरडली, "अम्मी, टाकी उठली!"

अम्मी म्हणजे तिची सासू, नूरबी. ती शांतपणे म्हणाली, "उठली तर उठू दे. तिला काय चहा पाहिजे का?"

पहिला गॅस जळत नाही, तो सोडून द्यावा लागतो. दुसऱ्या भरतीला आसमीननं काडी लावली. निळी ज्योत, धूर नाही, काजळी नाही. पातेल्याचं बूड पांढरं ते पांढरंच. तिनं चहा टाकला आणि आजूबाजूच्या बायकांना बोलावलं. सहा-सात जणी आल्या, दारात उभ्या राहिल्या. कुणी कप उचलेना. एक म्हणाली, "माझा उपास हाय." दुसरीला अचानक रडणारं पोर आठवलं. तिसरी स्पष्टच बोलली, "संडासावरचा चहा कोण पिणार, बाई?"

शेजारच्या पार्वतीबाई तेवढ्या पुढं आल्या. बौद्ध वस्तीतलं पहिलंच घर त्यांचं, रान लागून. त्यांनी कप उचलला, बशीत ओतला आणि आवाज करून प्यायला.

"साखर कमी हाय," त्या म्हणाल्या. "बाकी चहासारखाच लागतोय. माझ्या हातचं पाणी न घेणारी लई बघितली मी. चहानं माझं काय वाकडं केलं होतं म्हणून मी त्याला परत पाठवू?"

त्या दिवसापासून पार्वतीबाई आणि आसमीन यांचं जमलं. वर्षभरात पार्वतीबाईंच्या दारात माझ्यासारखीच टाकी बसली, ती सोहेबनंच जोडलेली. मग आणखी सहा घरांत. आसमीन जाऊन शिकवायची. शेणाएवढंच पाणी. गवताची काडी आत जाऊ द्यायची नाही. रोज टाकी धरून गोल फिरवायची म्हणजे वर साय धरत नाही. जोडाला साबणाचा फेस लावून बघायचा, बुडबुडा आला तर गळती. नासका भाजीपाला बारीक करून टाकला तर चालतो, पण कांदा नको, कांद्यानं पोट आंबतं. तिचं बोलणं ऐकून मला वाटायचं, ही माझ्याबद्दल बोलतेय की एखाद्या म्हशीबद्दल?

खड्ड्यातून बाहेर पडणारी मळी उसाला जायची. नाकाला रुमाल लावणाऱ्या लोकांना त्या उसाचा गूळ मात्र चालत होता.

नूरबीबद्दल वाईट बोलायचं मला सुचत नाही, सुचलं तरी बोलणार नाही. रोजचं जेवण ती माझ्याच गॅसवरचं खायची. तिच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं, खोकला कमी झाला. पण एक गोष्ट तिच्या मनात अडकली होती. नियाजचं, म्हणजे पिरांच्या नावानं फातिहाची प्रार्थना करून वाटायचं, ते अन्न माझ्यावर शिजवायचं नाही. ग्यारवीचा, पिरांच्या नियाजचा, महिना आला की ती आधीचे आठ दिवस माझा कॉक बंद करायला लावायची. शेगडीसुद्धा घासून पडवीत ठेवायची. त्या दिवसांत रॉकेलचा स्टोव्ह.

"अम्मी, तुमच्या आईनं नियाज कशावर शिजवली?" आसमीननं एकदा विचारलं.

"चुलीवर."

"चुलीत काय घालायच्या?"

"गोवऱ्या."

"मग गोवरी शेणाची न्हाई तर काय मैद्याची?"

नूरबीला हसू आलं, पण ती हटली नाही. "गोवरीला ऊन लागतं बेटी. ऊन सगळं पाक-साफ करतं. तुझ्या टाकीच्या पोटात ऊन कुठं जातं? आन् तिच्यात संडास हाय. मला उलट विचारू नको. मी मेल्यावर कशावर शिजवायचं ते शिजव."

आसमीननं परत विचारलं नाही. वर्षातले आठच दिवस, कशाला भांडायचं? ती चार वर्षं असंच करत आली. पितळी स्टोव्ह जुना होता. पंप मारला की फुरफुरायचा, छिद्र बुजलं की पिन घालावी लागायची.

आता तो दिवस. दोन हजार तीनचा जून. पाऊस पडला नव्हता.

आठ दिवस माझा कॉक बंद होता. पण म्हशींनी शेण द्यायचं बंद केलं नव्हतं आणि आसमीननं ते कुंडीत घालायचं बंद केलं नव्हतं. मी वर येत गेले. आणखी जागा उरली नाही तेव्हा गॅस माझ्या कडेनं बुडबुडे काढून हवेत जायला लागला. मी पूर्ण भरलेली होते. एका कुटुंबाचा दोन वेळचा स्वयंपाक माझ्या पोटात होता. मी तिथं उभी होते आणि पंचवीस पावलांवर ती स्टोव्हला पंप मारत होती. मला ऐकू येत होतं. पंप, पिन, पुन्हा पंप. मग एक आवाज आला. मग तिचा.

पार्वतीबाई धावल्या. त्यांनी दोरीवरची वाकळ ओढली आणि तिला गुंडाळलं. नूरबीचे दोन्ही हात भाजले, तिनं तशाच हातांनी सुनेला धरलं होतं. इम्तियाज रानातून आला. कुणाची तरी जीप मिळाली. पुण्याला नेलं. आसमीन तिसऱ्या दिवशी गेली. तोवर ती कुणाशी बोलली नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही. सोहेब नंतर माझ्या कठड्यावर बसून पार्वतीबाईंना सांगायचा, त्यातून मला कळलं.

दवाखान्याच्या दारात पोलीस जबाब घेत होता. कुणीतरी नातेवाईक इम्तियाजच्या कानाला लागला, "स्टोव्ह म्हणू नको. लग्नाला सात वर्षं झाली न्हाईत. सून स्टोव्हनं मेली म्हटलं की आई आन् पोरगा दोघं आत जातात. खरं कोण मानतंय?" आणि इम्तियाज घाबरला. जे खरं होतं तेच इतकं खोट्यासारखं दिसत होतं की त्यानं खऱ्यासारखं दिसणारं खोटं सांगितलं. म्हणाला, गोबरगॅसचा भडका उडाला. जोड गळत होता.

जोड. सोहेबनं घातलेला.

सोहेब शिरूरहून पोचला तेव्हा ती गेलेली होती. त्याच्यासमोर कागद आला. त्याला सही येते, पण लिहिलेलं पटपट वाचता येत नाही. त्यानं विचारलं, "काय लिहिलंय?" इम्तियाज खाली बघत म्हणाला, "गॅस. जोड गळत होता." सोहेबनं कागद पुढं ओढला. त्यानं सही केली. स्वतःच्याच हाताविरुद्ध.

दफन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडं आला, घण घेऊन. मिस्त्रींच्या दुकानातला दहा किलोचा घण, एसटीत घालून आणलेला. पहिला घाव त्यानं माझ्या कुशीत घातला. दुसरा, तिसरा. माझा पत्रा आत गेला. माझ्यावरच्या खपल्या उडून त्याच्या डोळ्यांत गेल्या आणि त्यानं आंधळ्यासारखा चौथा घातला. पार्वतीबाईंनी त्याला पाठीमागून कवेत धरलं नसतं तर तो मला फोडूनच थांबला असता.

"सोड मावशे! हिनं खाल्लं आपाला. मी खाल्लं. मी जोडली ही!"

मला तोंड असतं तर मी त्याच वेळी ओरडले असते, अरे गाढवा, माझा जोड बघ! मी भरलेली आहे! तूच घातलेल्या जोडातून बोटभरही गॅस गेलेला नाही!

पार्वतीबाई त्या वेळी गप्प राहिल्या. त्यांना खरं माहीत होतं. पण नूरबीनं भाजलेल्या हातांनी त्यांचे पाय धरले होते, माझा एकच पोरगा हाय म्हणून. त्याबद्दल मी पार्वतीबाईंना दोष दिला होता. अजूनही थोडा देते.

बातमी पसरायला काय वेळ लागतो? आठवड्यात बाकीच्या सातही घरांनी कॉक बंद केले. बायका पुन्हा चुलीपुढं फुंकणी घेऊन बसल्या. पोरांना दम भरला, टाकीजवळ जायचं नाही. वस्तीवरून जाणारी माणसं मला बोट दाखवायची. मी रोज वर येत होते आणि माझा गॅस रोज वाया जात होता. मी मूर्ख नाही, मला माझं वाईट ठाऊक आहे. कोंडलेल्या खोलीत मला सोडून द्याल तर मीही जाळीन. पण मी जे केलं नाही ते माझ्या नावावर का?

तिकडं सोहेबनं वेल्डिंग सोडलं. दुकानात यायचा आणि झाडू मारायचा. होल्डर हातात घेईना. साधी आगकाडीही त्याला ओढवेना. तीन आठवडे मिस्त्रींनी त्याला काही विचारलं नाही. मग एका दुपारी डबा खाता खाता म्हणाले, "माझा घण घेऊन गेला होतास. कुठं मारलास?"

"टाकीला."

"ते समजलं. टाकीला कुठं? टोपणावर?"

"न्हाई. कुशीत. आडव्या जोडाच्या खाली."

मिस्त्रींनी भाकरी खाली ठेवली. "जोडाच्या खाली? मग टाकी वर होती."

"असंल. मी काय बघत बसलो न्हाई."

"कुशीवर शेण होतं का? ओलं का वाळलेलं?"

"वाळलेलं. खपल्या डोळ्यांत गेल्या माझ्या. आबा, काय चाललंय तुमचं?"

"सोहेब, डोकं ताळ्यावर आण आन् ऐक. गॅस वापरला की टाकी खाली बसती. तिची कूस शेणात बुडती, ओली होती. रोज वापरणाऱ्याच्या टाकीची कूस रोज ओली. तिची वाळून खपली धरली होती म्हंजी आठवडाभर ती बसलीच न्हाई. गॅस कुणी वापरलाच न्हाई पोरा. आन् जोड गळत असता तर ती वर राहिलीच कशी?"

सोहेब डब्यावरून उठला. हातही धुतला नाही. कुणाची तरी मोटारसायकल उचलली आणि संध्याकाळच्या आत माझ्यासमोर उभा होता.

या वेळी त्यानं मला हात लावला. सगळीकडून. दोन पावलं मागं गेला, पुन्हा आला. भांड्यात साबण कालवला आणि जोडावर फेस लावला. डोळे अगदी जवळ नेऊन बघत राहिला. एक बुडबुडा आला नाही. मग पाइपचा एकेक सांधा, कॉक, थेट पडवीपर्यंत. कुठंच नाही. त्याच्या घणानं मी चेपले होते, पण गळले नव्हते. पडवीत कोपऱ्यात माझी शेगडी पालथी पडली होती, घासलेली, स्वच्छ. ती स्वयंपाकघरात नव्हतीच.

तो अंगणात येऊन ओरडला. इम्तियाज बाहेर आला. पार्वतीबाई बांधावरून आल्या.

"दुलाभाई, शेगडी पडवीत हाय. त्या दिवशी कुठं होती?"

इम्तियाजनं पडवीकडं पाठ फिरवली.

"मी तुमच्या पाया पडतो, न्हाईतर डोकं फोडतो, काय ते ठरवा. मला एवढंच सांगा. माझ्या जोडानं गेली का माझी आपा?"

"न्हाई रं," पार्वतीबाई म्हणाल्या. "स्टोव्ह होता. मी विझवली तिला. अंगाला रॉकेलचा वास होता. मी गप बसले, माझी जीभ झडो."

सोहेब इम्तियाजवर धावला. गळपट्टी धरली. इम्तियाजनं हात वर केले नाहीत. तो म्हणाला, "मार. मी खोटं बोललो. आईला नेतील म्हणून बोललो. पण माझ्या आईनं तिला जाळली न्हाई. मी पण न्हाई. स्टोव्हच उडाला, खरंच उडाला. पण आता मला कोण खरं मानणार?"

"मला तरी खरं सांगायचं होतं!" सोहेबचा आवाज फाटला. "एक महिना झाला, मी माझ्या हाताकडं बघू शकत न्हाई!"

तेव्हा नूरबी दारात आली. हातांना पट्ट्या तशाच. ती पायरीवर बसली आणि हळू बोलली, पण मला ऐकू आलं.

"टाकी भरलेली होती. मला दिसत होती. तीच म्हणाली होती, अम्मी, स्टोव्ह लई त्रास देतोय, आजच्या दिवस टाकीवर करू का? मी म्हटलं, न्हाई."

सोहेबचा हात गळपट्टीवरून सुटला. म्हशीनं शेपूट आपटलं.

"मला माफ कर म्हणायला तोंड न्हाई," नूरबी म्हणाली.

"मला माफी नको," सोहेब म्हणाला. "दोन गोष्टी करा. दुलाभाई, उद्या माझ्याबरोबर चौकीत चला आन् खरं लिहून द्या. आन् आपाच्या चाळिसाव्या दिवसाचा खाना हिच्यावर शिजंल. त्याच्यावर फातिहा हुईल. पहिला घास तुम्ही घ्यायचा, सगळ्यांसमोर. न्हाई जमत म्हणत असाल तर आत्ता सांगा. मी टाकी उपटून घेऊन जातो, आन् तिच्याबरोबर हे नातं पण."

नूरबीनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "शेगडी आत घे, इम्तियाज."

इम्तियाज दुसऱ्या दिवशी गेला. खरं लिहून दिलं. त्याला चार दिवस फेऱ्या मारायला लावल्या, नूरबीला विचारलं, पार्वतीबाईंना विचारलं, फुटलेला स्टोव्ह जप्त केला. अपघात ठरला. पहिला कागद मात्र कुणी फाडला नाही. तो अजून त्याच फायलीत आहे, दुसऱ्याच्या खाली.

चाळिसाव्याला पन्नास माणसं येणार होती. मी खोटं बोलणार नाही, माझ्या एकटीच्यानं पन्नास माणसांचं होत नाही. माझी ताकद एका घराची. सोहेबला वाटलं, आता हरलो. पार्वतीबाई म्हणाल्या, "तू तुझ्या टाकीचं बघ. बाकीचं माझ्यावर सोड." त्या सकाळी निघाल्या आणि सहा घरं फिरल्या. काय बोलल्या मला माहीत नाही. शिव्या दिल्या असतील, रडल्याही असतील. पण दुपारी एकेका घरातला बंद कॉक उघडला. एका घरी डाळ, एका घरी वांग्याचं, दोन घरी भात. त्या सगळ्या टाक्या मला दिसत नाहीत, मधे ऊस आहे. पण धूर दिसला असता. त्या दुपारी वस्तीवर स्वयंपाक आठ घरांत चालला होता आणि आभाळात धुराची एक रेघ नव्हती.

माझ्या वाट्याला खीर आली होती. नियाजची.

सोहेब शेगडीपुढं बसला. कॉक उघडला. माझं पोट हललं. त्यानं काडी ओढली. ती विझली. दुसरी ओढली, तीही विझली. पार्वतीबाई पुढं झाल्या, "दे, मी लावते."

"न्हाई मावशी. थांब."

तिसरी काडी त्यानं दोन्ही हातांत धरली. मी जेवढ्या हळू सोडता येईल तेवढ्या हळू गॅस सोडला. फप् झालं आणि निळी ज्योत गोल उभी राहिली. तो दचकून मागं सरला. मग पुढं आला. मग त्यानं तळहात ज्योतीच्या बाजूला धरला, जवळ, आणखी जवळ, ऊब लागेपर्यंत. पातेलं ठेवलं. दूध ओतलं. आणि तिथंच गुडघ्यांत डोकं घालून हमसून रडायला लागला, दूध तापेपर्यंत.

फातिहा झाला. नूरबीनं पट्टीच्या हातानं चमचा धरला आणि पहिला घास घेतला. पन्नास माणसं बघत होती. तिनं गिळला. म्हणाली, "वाढा सगळ्यांना."

त्याला आता पाच वर्षं झाली. माझ्या कुशीतले चार पोचे तसेच आहेत. सोहेब दरवर्षी येऊन मला काळा रंग देतो, पण पोचे ठोकून काढत नाही, मीही काढू देणार नाही. त्याचं आता कवठ्याला स्वतःचं दुकान आहे आणि त्यानं माझ्या पाठच्या तीसेक बहिणी जोडल्यात. या घरात सिलेंडर आला आहे. दोन वेळा संपला आणि दोन्ही वेळा गाडी आली नाही. मी त्याच्यावर हसत नाही, त्याचं पोट लांब कुठंतरी भरतं, माझं इथं गोठ्यात. रॉकेल संपेल, कोळसा संपेल. जनावर चरतंय आणि माणूस जेवतोय तोवर मी संपत नाही. तुम्ही ज्याला घाण म्हणता, ज्याच्यावरून उडी मारून जाता, त्यातून मी उजेड काढते आणि उरलेलं तुमच्या उसाला परत देते. यात मी लाजावं असं काय आहे ते मला कुणी समजावून सांगा.

मला दया नको. तो जुना कागद कुणी उघडलाच तर त्याच्या खालीवर जागा असेल तिथं माझी एक ओळ लिहा: आसमीननं मला मागून घेतलं होतं, मी तिला कधी दगा दिला नाही. अंगठा हवा असेल तर पोचे आहेत.

आता पुरे. इम्तियाज शेणाची पाटी घेऊन येतोय. कुंडीत पाणी पडलं. मला बोलत बसायला सवड नाही, भाकऱ्यांच्या वेळेआधी वर यायचं आहे.